मूल जेवले नाही तरी इन्सुलिन का द्यायचे: टाइप १ मधुमेह आणि पावसाळी ताप

"पोर सकाळपासून पेजेचा घोट घेत नाही, मग आज इन्सुलिन कशाला टोचता?" हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी विचारला तेव्हा माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह होऊन जेमतेम आठ महिने झाले होते, गोव्यातल्या डिचोलीत आषाढाचा पाऊस कोसळत होता आणि तिच्या अंगात १०२ अंश ताप होता. प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. इन्सुलिन जेवणासाठी असते, हे आम्हीच त्यांना शिकवले होते. मी उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवते, तरीही त्या रात्री मला "डॉक्टरांनी सांगितले आहे" यापलीकडे धड उत्तर देता आले नाही. पुढे जे वाचले, विचारले आणि चार-पाच पावसाळ्यांत अनुभवले, ते येथे क्रमाने मांडत आहे. आपल्या मुलाच्या डॉक्टरांनी आजारपणासाठी लिहून दिलेली योजना नेहमीच या लेखाच्या वर राहील. ती लेखी नसेल, तर पुढच्या भेटीत ती लिहून मागणे हे पहिले काम समजावे.

तापात शरीर काय करते

विषाणू पेशीत शिरून आपल्या प्रती काढू लागला की पेशीतील काही प्रथिने त्याची चाहूल घेतात. एमडीए-५ नावाचे प्रथिन विषाणूच्या लांब, दुपदरी आरएनएला चिकटते. निरोगी पेशीत असा आरएनए सहसा सापडत नाही, त्यामुळे हा परका, हे लगेच कळते. मग ती पेशी इंटरफेरॉन सोडते आणि शेजारच्या पेशी प्रथिननिर्मिती आवरून, दारे लावून बसतात. त्याच वेळी पांढऱ्या पेशींमधून इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ हे संदेशवाहक रक्तात उतरतात, मेंदूतील तापमानाची खूण वर सरकवतात आणि मुलाला हुडहुडी भरते. ही सारी उपजत प्रतिकारशक्ती होय. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध फुटला की शेत कोणाचे हे न विचारता अख्खा गाव माती-पेंढा घेऊन धावतो, तशी ती धावते; नेमक्या शत्रूला ओळखून प्रतिपिंडे तयार करणारी अर्जित प्रतिकारशक्ती काही दिवसांनी येते.

या धावपळीला इंधन लागते. तापात कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन आणि ग्लुकॅगॉन वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, नवी साखरही बनवते, आणि वर सांगितलेल्या संदेशवाहकांमुळे स्नायू व चरबीच्या पेशी इन्सुलिनला नेहमीसारखा प्रतिसाद देत नाहीत. निरोगी मुलाचे स्वादुपिंड अशा वेळी जास्त इन्सुलिन सोडून हिशेब जुळवते. टाइप १ असलेल्या मुलाकडे ती सोय नाही. म्हणून मूल काहीही न खाता साखर २५० वर जाते, आणि इन्सुलिन कमी पडले की शरीर चरबी जाळून कीटोन बनवू लागते. ते साचले की रक्त आम्लधर्मी होते, ज्याला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते: पेज मुलाने घेतली नसली तरी यकृत रक्तात साखर ओततच असते. (हे वाक्य मी नंतर त्यांना ऐकवले. "मग आधी तसे सांगायचे," असे त्या म्हणाल्या.)

यातून एक नियम निघतो आणि तो घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांसह, पाठ असावा: दीर्घकाळ काम करणारे, म्हणजे बेसल इन्सुलिन कोणत्याही आजारपणात बंद करायचे नाही. जेवणाबरोबरचे इन्सुलिन खाण्याच्या प्रमाणात कमी-जास्त होईल, बेसलची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलेल, पण ती शून्य होणार नाही.

पावसाआधीची तयारी

मे महिन्याच्या अखेरीस, शाळेच्या वह्या घेतानाच, एक डबा भरून ठेवावा. त्यात ग्लुकोमीटरच्या जादा पट्ट्या, कीटोन तपासण्याच्या पट्ट्या, थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, ग्लुकोज पावडर, जादा सुया आणि डॉक्टरांच्या योजनेची छापील प्रत असावी. फोनमधली प्रत वीज गेलेल्या रात्री कामाला येईलच असे नाही. कीटोनसाठी परवडत असेल तर रक्तावर चालणारा मीटर घ्यावा. लघवीची पट्टी स्वस्त आहे आणि काहीच नसण्यापेक्षा ती पुष्कळ बरी, पण ती काही तासांपूर्वीची बातमी सांगते, शिवाय कीटोॲसिडोसिसमध्ये सर्वांत जास्त वाढणारे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसतच नाही. वीज गेली म्हणून वापरातल्या इन्सुलिनची घबराट नको, कारण उघडलेले पेन किंवा कुपी सावलीत, ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. न उघडलेला साठा मात्र २ ते ८ अंशांतच हवा, आणि वीज बराच वेळ गेली तर मातीच्या मडक्यात पाणी घालून त्यावर छोटे भांडे ठेवण्याची जुनी युक्ती तो थोडा गार ठेवते, पण पावसाळी दमट हवेत तिने २ ते ८ अंश गाठले जात नाहीत. बर्फाला चिकटवून ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन फेकावे लागते.

ताप आल्यावर

पहिल्या दिवशी साखर दर दोन ते चार तासांनी पाहावी, रात्रीसुद्धा. रात्रीचा गजर लावणे जिवावर येते, हे मी जाणते; आम्ही नवरा-बायको पाळ्या लावतो आणि वहीत वेळ, साखर, कीटोन, दिलेले इन्सुलिन व प्यालेले पाणी असे पाच रकाने ओढतो. ही वही डॉक्टरांशी फोनवर बोलताना जितकी उपयोगी पडते तितके दुसरे काही नाही. आजारपणात साखर ७० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान राखण्याचा प्रयत्न असावा, पण एखादा आकडा २२० आला म्हणून स्वतःला दोष देत बसू नये.

साखर २५० च्या वर गेली, किंवा साखर कितीही असली तरी मूल ओकू लागले, की कीटोन तपासावेत. रक्तातील कीटोन ०.६ मिलिमोलपेक्षा कमी असतील तर नेहमीची दुरुस्ती, म्हणजे वाढलेली साखर उतरवण्यासाठीचे नेहमीचे इन्सुलिन, पुरते. ०.६ ते १.५ या पट्ट्यात जादा इन्सुलिन आणि भरपूर पाणी लागते, व दोन तासांनी पुन्हा तपासावे लागते. १.५ च्या वर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय राहू नये. ३ किंवा त्याहून जास्त म्हणजे रुग्णालय. जादा मात्रा साधारणपणे दिवसाच्या एकूण इन्सुलिनच्या टक्केवारीत ठरते, सौम्य कीटोनला ५ ते १० टक्के आणि जास्त असल्यास १० ते २० टक्के, जलद काम करणाऱ्या इन्सुलिनच्या रूपात. दिवसाला एकूण ३० एकक घेणाऱ्या मुलासाठी १० टक्के म्हणजे ३ एकक. हे गणित मी समजण्यासाठी दिले आहे. आपल्या मुलाचा आकडा त्याच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा, कारण पहाटे तीनला टक्केवारी काढताना चुका होतात.

कीटोन असताना साखर मात्र कमी, ही स्थिती पालकांना सर्वांत जास्त गोंधळात टाकते. येथे मूल उपाशी आहे आणि इन्सुलिनही अपुरे आहे. अशा वेळी इन्सुलिन रोखण्याऐवजी आधी साखर असलेले पेय घोट घोट द्यावे, साखर वर येऊ द्यावी आणि मग इन्सुलिन द्यावे. कीटोन इन्सुलिनशिवाय थांबत नाहीत.

पिण्याबाबत आपल्याकडे फार घोळ आहेत. ओआरएसमध्ये साखर असते म्हणून ते मधुमेही मुलाला द्यायचे नाही, हा समज मी शिकलेल्या घरांतही ऐकला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते आणि ते आतड्यात सोडियम व पाणी ओढून घेण्यासाठीच घातलेले असते. जुलाबात ते द्यावेच. दुकानात त्याच्याशेजारी मांडलेली, नावात साधर्म्य असलेली फळरसाची पेये मात्र वेगळी, त्यांच्या खोक्यावरचा साखरेचा आकडा वाचावा. साखर जास्त असेल तर साधे पाणी, मीठ घातलेले ताक किंवा गाळलेली सोलकढी द्यावी. साखर उतरत असेल तर उकड्या तांदळाची पेज उत्तम, कारण ती पोटाला हलकी असते आणि तिच्यातील कर्बोदके मोजता येतात. एका वाटीत शिते किती हे घरच्या वाटीने एकदा तोलून ठेवावे. शहाळ्याच्या पाण्यात साखर आणि पोटॅशियम दोन्ही असतात, तेव्हा ते मोजून द्यावे, औषध समजून दिवसभर पाजू नये.

तापासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्यावे. गोव्यात पावसाळ्यात डेंग्यूची शक्यता नेहमी मनात ठेवावी लागते आणि त्यात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन रक्तस्रावाचा धोका वाढवतात; शिवाय शरीरातले पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेन मूत्रपिंडांवर ताण टाकते. सत्तरीत काजूच्या हंगामात ताप आला आणि घरचे कोणी बागायतीत जात असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण तो रानातल्या गोचिडांतून पसरणारा माकडताप असू शकतो. अंगावर लावून साखर मोजणारा सेन्सर वापरणाऱ्यांनी त्याचे माहितीपत्रक वाचावे, कारण काही सेन्सरांचे आकडे पॅरासिटामॉलने, काहींचे जीवनसत्त्व क च्या मोठ्या मात्रेने चुकतात. शंका आली की बोटातले रक्त तपासावे. खोकल्याच्या सिरपमधील साखरेची चिंता सोडून द्यावी, ती चमचाभर असते. चिंता करायची तर स्टेरॉईडची, कारण धाप लागल्यावर दिलेल्या स्टेरॉईडने साखर एक-दोन दिवस उसळते. ते आवश्यक असेल तर नाकारू नये, मात्र इन्सुलिन किती वाढवायचे हे त्याच बैठकीत विचारून घ्यावे.

पोटाचा विषाणू

उलटी-जुलाबाच्या तापात चित्र उलटेही होते. आतड्याने अन्न शोषले नाही की साखर वाढण्याऐवजी घसरते. येथे इन्सुलिनची मात्रा बहुधा कमी करावी लागते, पण ती फोनवर डॉक्टरांना विचारून, आणि बंद तर नाहीच. दर पाच मिनिटांनी एक चमचा या गतीने ओआरएस द्यावे. पेला हाती दिला की मूल तहानेने गटागटा पिते आणि सारे ओकते. खेरीज उलटी हे कीटोॲसिडोसिसचेही लक्षण आहे, त्यामुळे "काल चुकीचे काहीतरी खाल्ले" असे म्हणून सोडून देण्याआधी कीटोनची पट्टी वापरावी. आमच्या ओळखीच्या एका घरात ही पट्टी न वापरल्याने एक पूर्ण दिवस पोटाच्या औषधांत गेला.

कधी निघावे, याबद्दल घासाघीस करू नये. दोन तासांहून अधिक उलट्या न थांबणे, कीटोन ३ किंवा त्याहून जास्त होणे किंवा जादा इन्सुलिन देऊनही न उतरणे, श्वास खोल आणि जोराचा होणे, श्वासाला गोडसर वास येणे, पोटात तीव्र दुखणे, गुंगी, किंवा साखर ७० च्या वर टिकवताच न येणे, यांपैकी एकही दिसले की १०८ ला फोन करावा. पाच वर्षांखालील मुलासाठी तर याहूनही आधी निघावे, त्याच्या शरीरात राखीव फारसे नसते. सत्तरी, काणकोण किंवा पेडण्याच्या आतल्या गावातून पावसाळी रात्री बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठायला लागणारा वेळ मनात धरून निर्णय संध्याकाळीच घ्यावा. म्हापसा आणि मडगाव येथे जिल्हा रुग्णालये आहेत. आपल्याला जवळचे कोणते आणि तेथे रात्री बालरोगतज्ज्ञ असतात का, हे कोरड्या दिवसांत विचारून ठेवावे.

ताप उतरल्यानंतरचे दोन-तीन दिवस लोक विसरतात. संदेशवाहकांचा गलका शमला की इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद पूर्ववत होतो, आणि तापातली वाढीव मात्रा तशीच चालू राहिली तर पहाटे साखर खाली जाते. वाढवलेले इन्सुलिन परत उतरवण्याची तारीखही वहीत लिहावी.

"त्या तापानेच झाला का?"

हा प्रश्न प्रत्येक पालकाला छळतो. निदानाआधी दोन महिन्यांपूर्वी मुलाला ताप आला होता, तेव्हा अमुक लग्नाला नेले नसते तर? याचे उत्तर देण्यासाठी संशोधनाकडे थोडे शांतपणे पाहावे लागते.

संशय निराधार नाही. १९७९ साली कीटोॲसिडोसिसने दगावलेल्या एका मुलाच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी-४ हा विषाणू वेगळा करण्यात आला आणि त्याने उंदरांत मधुमेह निर्माण झाला. १९८७ मध्ये नुकताच मधुमेह झालेल्या रुग्णांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत इंटरफेरॉन-अल्फा आढळले, आणि या पेशी स्वादुपिंडात ज्या पुंजक्यांत असतात त्या बेटांतील पेशींवर एमएचसी वर्ग १ या रेणूंची गर्दी दिसली. हे रेणू पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडून दाखवतात. विषाणू असताना ते उपकारक ठरते, पण बीटा पेशीने स्वतःचेच तुकडे इतक्या ठळकपणे मांडले तर मारक टी पेशींना तिचा पत्ता मिळतो. कॉक्सॅकी पेशीवरील ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) धरून आत शिरतो तो ग्राहक मानवी बीटा पेशींत भरपूर असतो, तोही इन्सुलिनच्या कणांवर. उंदीरवर्गीय प्राण्यांच्या पेशींवरील प्रयोगांत शेजारच्या, ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या अल्फा पेशी या विषाणूला बीटा पेशींपेक्षा लवकर आवरतात असे दिसले आहे, आणि टाइप १ मध्ये अल्फा पेशी टिकून राहतात, हे लक्षात घेतले तर ते निरीक्षण विचार करायला लावते.

सर्वांत बोलका पुरावा मला जनुकांचा वाटतो. आधी सांगितलेले एमडीए-५ ज्या आयएफआयएच-१ जनुकातून बनते, त्याचे काम अधू करणारे काही दुर्मिळ बदल टाइप १ पासून संरक्षण देतात, असे २००९ मध्ये दिसून आले. म्हणजे विषाणूची चाहूल जरा कमी तीव्रतेने लागणाऱ्यांना हा आजार कमी होतो. हिपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शने घेतलेल्या काही रुग्णांना टाइप १ मधुमेह झाल्याच्या नोंदीही त्याच दिशेला बोट दाखवतात. बांध वाचवायला धावलेल्या गावाच्या पायांखाली उभे भात तुडवले जावे, तसा हा प्रकार असावा. औषधांचे प्रयोगही याच वाटेने चालले आहेत: इंटरफेरॉनचा संदेश पेशीत पोहोचवणारी साखळी अडवणारे बॅरिसिटिनिब आणि दुसरीकडे प्लेकोनारिल व रिबाव्हिरिन ही विषाणूविरोधी जोडी, या दोन्हींनी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत नव्याने निदान झालेल्यांची उरलीसुरली इन्सुलिननिर्मिती काही काळ टिकवली. हे उपचार संशोधनाच्या टप्प्यातले आहेत. कोणी ते "बरे करतो" म्हणून विकत असेल तर पाठ फिरवावी.

आता दुसरी बाजू. अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमधील बालकांचा जन्मापासून पाठपुरावा करणाऱ्या टेडी अभ्यासात २०१९ साली दिसले, की स्वयंप्रतिकाराशी, म्हणजे प्रतिकारशक्तीने आपल्याच बीटा पेशींवर केलेल्या हल्ल्याशी, संबंध दिसतो तो दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या एंटेरोव्हायरस-बी (कॉक्सॅकी बी याच गटातला) च्या संसर्गाचा. सुटे, आले-गेले संसर्ग तसे नव्हते. शिवाय बीटा पेशींविरुद्धची पहिली प्रतिपिंडे बहुधा नऊ महिने ते दोन वर्षे या वयातच उमटतात, आणि आजार प्रकट व्हायला पुढे महिने किंवा वर्षे जातात. तेव्हा निदानाच्या आधीचा तो लक्षात राहिलेला ताप बहुतेक वेळा मूळ कारण नसतो. त्याने इन्सुलिनची गरज अचानक वाढवली आणि आधीच तोकडा पडलेला साठा उघडा पडला, एवढेच. लग्नाला नेल्याचा दोष मनातून काढून टाकावा.

पावसाळ्यात बालवाडीतून पसरणाऱ्या हात-पाय-तोंडाच्या फोडांच्या आजारालाही कॉक्सॅकी म्हणतात, आणि ते नाव ऐकून पालक हादरतात. तो बहुधा ए गटातल्या विषाणूंनी होतो. मधुमेहाच्या संदर्भात संशय आहे तो बी गटावर. हे विषाणू विष्ठेतून हातांवाटे तोंडात जातात आणि त्यांना चरबीचे आवरण नसल्याने अल्कोहोलच्या सॅनिटायझरला ते फारसे बधत नाहीत, म्हणून साबण आणि वाहते पाणी हाच उपाय.

लसी चुकवू नयेत. मातेला गर्भारपणात रुबेला झाल्यास बाळाला पुढे मधुमेह होण्याचा धोका वाढतो, हे विषाणू आणि मधुमेह यांच्यातले सर्वांत पक्के नाते आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेला लसीकरणाची देशव्यापी मोहीम ज्या पहिल्या राज्यांत सुरू झाली त्यांत गोवा होता. मधुमेही मुलाला फ्लूची लस दरवर्षी द्यावी. लसीनंतर दिवसभर साखर थोडी चढली तर घाबरू नये, उपजत प्रतिकारशक्ती जागी झाल्याची ती खूण आहे; त्या दिवशी तपासण्या वाढवाव्यात.

राहता राहिली भावंडे. पाश्चात्त्य देशांतील आकडेवारीनुसार टाइप १ असलेल्या मुलाच्या भावंडाला तो आयुष्यात होण्याची शक्यता सुमारे ५ ते ६ टक्के असते, म्हणजे बहुतेकांना होत नाही. जीएडी, आयए-२, झिंक वाहक-८ आणि इन्सुलिन या बीटा पेशींतील प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घ्यावी का, याचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा. त्यांपैकी दोन किंवा अधिक सापडली तर आजाराची पहिली पायरी सुरू झालेली असते, आणि वेळीच कळल्यास मूल कीटोॲसिडोसिसने बेशुद्ध होऊन रुग्णालयात पोहोचणे टळते. तपासणी केली नसेल तरी एक गोष्ट घरच्या घरी होते. भावंडाला ताप येऊन गेल्यावर ते रात्री उठून तांब्याभर पाणी पिऊ लागले, वजन उतरले, किंवा अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा ओले करू लागले, तर सकाळची वाट न पाहता घरातल्याच ग्लुकोमीटरवर त्याचे बोट टोचावे, आणि आकडा २०० च्या वर आला तर त्याच रात्री निघावे.